इंटीरियरची कामं वाढली, पण हातात काही उरत नाही? या चुका टाळा

तीन साइट चालू आहेत, चौथीचं टोकन आलंय, आणि तरी शनिवारी सुतारांची खर्ची द्यायला चौथीच्याच पैशाला हात लावावा लागतो. टर्नकी इंटीरियर (माल-मजुरीसकट सगळं काम अंगावर घेऊन) करणाऱ्यांना हे चांगलं ओळखीचं असेल. दर कमी पडतो म्हणून असं होतं, असा बहुतेकांचा समज असतो. पुष्कळदा दर ठीकच असतो. याची टोपी त्याला घालणं चालू असतं आणि ते वहीत कुठेच दिसत नाही.

बँकेतला आकडा आपला समजणं

१० लाखांचं काम, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११.८० लाख. ४० टक्के ॲडव्हान्स म्हणून ४.७२ लाख खात्यात येतात. त्यातले ७२,००० सरकारचे. बिल नंतर काढू, तेव्हा कर भरू, हा हिशेब इथे चालत नाही. भिंतीला कायमचं बसवायचं काम वर्क्स काँट्रॅक्टमध्ये, म्हणजे सेवेत धरलं जातं, आणि सेवेच्या ॲडव्हान्सवर पैसे आले त्याच महिन्याचा कर लागतो. मासिक रिटर्न भरत असाल तर पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत. प्लायच्या बिलात दिलेल्या जीएसटीचं क्रेडिट वजा होतं खरं, पण दुकानदाराने त्याचं रिटर्न भरलं असेल तरच. कच्च्या पावतीवर माल उचलला की ते क्रेडिट विसरायचं.

उरलेले ४ लाखही अजून आपले नाहीत, त्या बदल्यात काम देणं आहे. म्हणून दर सोमवारी साइटवार तीन रकाने भरा: मिळालेले पैसे (जीएसटी वगळून), झालेल्या कामाची किंमत, आणि दोन्हींतला फरक. एक नमुना बघा.

साइट १: मिळाले ६.२ लाख, काम झालं ४.५ लाखांचं. १.७ लाखांचं काम देणं.
साइट २: मिळाले ३ लाख, काम झालं ४.८ लाखांचं. १.८ लाख येणं.
साइट ३: मिळाले ४ लाख, काम झालं १ लाखाचं. ३ लाखांचं काम देणं.

साइट १ आणि ३ मिळून ४.७ लाखांचं काम देणं आहे. २० टक्के नफा धरला तरी ते करायला ३.७६ लाख खर्च येणार. प्लायवाल्याची उधारी ७०,०००. म्हणजे ४.४६ लाख हवेत, आणि बँकेत आहेत १.९ लाख. खड्डा अडीच लाखांच्या आसपास. चौथ्या साइटचा ॲडव्हान्स आला की तो झाकला जातो, बुजत नाही. त्यामुळे चौथं काम घेण्याआधी साइट २ चे १.८ लाख मागायला जा. तिथला हप्ता मागायला संकोच वाटतो म्हणून नवं काम धरणं, ही या धंद्यातली सगळ्यांत महाग सवय.

चौरस फुटावर दर, पण शीट कशी कापली जाईल ते न बघणं

वॉर्डरोब ७ फूट रुंद, ७ फूट उंच. समोरून माप ४९ चौरस फूट. ८ बाय ४ च्या शीटमध्ये ३२ चौरस फूट, म्हणून पल्ल्यांना दीड शीट पुरेल असं कोटेशनच्या वेळी धरलं जातं. आता प्रत्यक्ष कटिंग बघा. तीन पल्ले केले तर एकेक २८ इंच. शीटची रुंदी ४८ इंच, म्हणजे एका शीटमधून एकच पल्ला निघतो आणि २० इंचाची पट्टी उरते. पल्ल्यांनाच तीन शीट गेल्या. त्या पट्टीतून २२ इंच खोलीचा कप्पासुद्धा निघत नाही. फार तर ड्रॉवरच्या बाजू. तेच चार पल्ले केले तर प्रत्येकी २१ इंच, एका शीटमधून दोन, काम दोन शीटमध्ये. एक पल्ला वाढला म्हणून चार बिजागऱ्या आणि एक हँडल जास्त लागेल, पण लॅमिनेटसकट एक शीट वाचते. शिवाय २८ इंची पल्ला खाली उतरण्याची शक्यता जास्त, आणि दुरुस्तीचा फोन तुमच्याकडेच येतो.

म्हणून ड्रॉइंग मंजूर करून घेण्याआधी कटिंग लिस्ट काढा, नंतर नाही. आणि दरात काय आहे ते लिहा: आतून लायनर (पातळ अस्तर) की लॅमिनेट, प्लाय कोणत्या ग्रेडचा, ड्रॉवर किती. दोन ड्रॉवर दरात, पुढच्या प्रत्येकाचे पैसे वेगळे. नाहीतर त्याच ४९ फुटांत सहा ड्रॉवर मागितले जातात, आणि सहा जोड्या चॅनेल तुमच्या खिशातून जातात.

सूट देतानाचा हिशेबही इथेच करून टाका. खर्च ८ लाख, त्यावर २५ टक्के चढवून १० लाख. म्हणजे बिलावर नफा २० टक्के, २५ नव्हे. ‘दहा टक्के कमी करा’ म्हटल्यावर १ लाख गेला, म्हणजे नफा निम्मा झाला. कमी करायचंच असेल तर काम कमी करा: लॉफ्ट काढा, आतलं लॅमिनेट बदला.

टाइल लागण्याआधी किचनचं माप

नुसत्या प्लास्टरवर माप घेतलं आणि कारखान्यात कॅबिनेट कापायला दिले, की नंतर दोन्ही बाजूंच्या डॅडो (भिंतीवरच्या) टाइल आणि मसाला मिळून ४० मिलिमीटरपर्यंत जागा खातात. कॅबिनेट आत जात नाही. टाइल झाल्यावर, तळाशी, ओट्याच्या उंचीला आणि वर अशी तीन मापं घ्या, सर्वांत लहान धरा, कोपरा गुण्यात (काटकोनात) आहे का बघा आणि टोकाला दोन इंचांची फिलर पट्टी सोडा. ड्रॉइंगवर तारीख आणि सही घ्यायला विसरू नका.

जाताजाता वाढलेलं काम

‘दादा, तेवढं टीव्हीच्या मागे पॅनेल पण करून टाका,’ घरच्या ताई सांगतात. मिस्त्री करून टाकतो. शेवटच्या बिलात ३१,२०० दिसले की घरातले विचारतात, ‘हे कधी ठरलं?’ त्यावर ताईंकडे उत्तर नसतं, तुमच्याकडेही नसतं. काम सुरू होण्याआधी एवढा व्हॉट्सॲप मेसेज पुरतो:

‘हॉल, टीव्ही मागे पॅनेल, ६ × ८ = ४८ चौ. फूट, दर ६५०, रु. ३१,२०० + जीएसटी ५,६१६ = ३६,८१६. ४ दिवस वाढतील. ओके कळवा, मग सुरू करतो.’

पैशाइतकेच ते ‘४ दिवस’ महत्त्वाचे. ऑफिसभाडं, सुपरवायझर, गाडी मिळून महिन्याला ६०,००० जात असतील आणि एका वेळी दोन साइट असतील, तर प्रत्येक साइट महिन्याला ३०,००० खाते. दोन महिन्यांचं काम चार महिन्यांवर गेलं की २ लाखांच्या नफ्यातून ६०,००० ऐवजी १.२ लाख गेले. मिस्त्रीला मात्र स्पष्ट सांगून ठेवा: ऑफिसचा मेसेज नाही तर काम नाही.

उचल

खर्ची दर शनिवारी द्या, पण आधी मोजणी. झालेल्या कामाच्या मजुरीच्या ८० टक्क्यांवर जाऊ नका. गावाकडची अडचण खरी असते आणि उचल द्यावीही लागते. ती वेगळ्या वहीत, साइटच्या हिशेबात नको. पल्ले एका रेषेत येईपर्यंत थोडी मजुरी राखून ठेवा, कारण पूर्ण पैसे घेतलेला सुतार ॲडजस्टमेंटला परत येत नाही.

शेवटचा हप्ता ‘समाधान झाल्यावर’

समाधानाला तारीख नसते. हप्ते प्रसंगाला बांधा: ४० टक्के ऑर्डरला, ३० टक्के सांगाडे साइटवर उभे राहिल्यावर, २५ टक्के पल्ले बसवण्याआधी, ५ टक्के स्नॅग लिस्ट (राहिलेल्या किरकोळ दोषांची यादी) संपल्यावर. ही लिस्ट एकदाच, दोघांनी मिळून फिरून, सही करून. नंतर सापडलेला ओरखडा सर्व्हिसमध्ये जातो, हप्त्यात नाही. ऑफिसांच्या कामात ५ किंवा १० टक्के रिटेन्शन (हमी म्हणून ग्राहकाने राखलेले पैसे) वर्षभर अडकतं; ज्या दिवशी हँडओव्हर, त्याच दिवशी वसुलीची तारीख कॅलेंडरमध्ये टाका.

दिवाळीआधी सगळ्यांनाच ताबा

सोसायटीत रविवारी काम बंद, दुपारी दोन ते चार ठोकाठोक बंद, लिफ्टची वेळ ठरलेली. त्यामुळे महिन्याचे कामाचे दिवस २२ ते २४ धरा. गणपतीत कोकणातला माणूस गावी जातो, दिवाळीनंतर छठला बिहार-उत्तर प्रदेशचा. लक्ष्मीपूजनापासून मागे मोजा: ७ दिवस स्नॅगला, त्याआधी ४५ कामाचे दिवस, मध्ये गणपतीचा आठवडा वजा. ती तारीख उलटून गेली असेल तर येणाऱ्या ग्राहकाला दिवाळीचा शब्द देऊ नका. कोटेशन द्या आणि ताबा डिसेंबरचा लिहा.