मळ्याचा रस्ता : आधी पाण्याला वाट, मग मुरूम

आमचा मळा निफाड तालुक्यात, डांबरी सोडली की चारशे फूट आत. हे चारशे फूट आता मीच राखते, मिनी ट्रॅक्टर आणि त्याच्या मागं जोडायच्या ब्लेडनं. आधी दर उन्हाळ्यात जेसीबी बोलवायचो. तो खड्डे खरवडून माती कडांना लावायचा, रस्ता दोन महिने झकास दिसायचा. असं दरवर्षी दोन-तीन इंच खरवडत रस्ता शेजारच्या वावरांपेक्षा खाली गेला आणि पावसात त्याचा पाट झाला. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस हटता हटेना, ते वर्ष द्राक्षवाले विसरलेले नाहीत. छाटणी झालेली, फुटी कोवळ्या, डावणी या बुरशीच्या रोगावरची फवारणी तातडीची, आणि आमचा ब्लोअर, म्हणजे ट्रॅक्टरमागचं फवारणीचं यंत्र, रस्त्यातच चाकापर्यंत रुतलेला. दोन दिवस फवारणी हुकली. पुढचं सांगत बसत नाही.

म्हणून मशीन काढण्याआधी एक काम करा. चांगला पाऊस चालू असताना डोक्यावर घोंगतं घ्या आणि रस्त्यावरून चाला. पाणी कुठून उतरतं, कुठं तुंबतं, कुठून पलीकडं जायला बघतं, तिथं तिथं खुंटी ठोका. कोरड्या रस्त्यावर उभं राहून कितीही अंदाज बांधला तरी तो चुकतो. माझा दोनदा चुकला.

पाणी ज्या अंगानं येतं, त्या अंगाला चारी काढायची. फूट-दीड फूट खोल, सलग उताराची, तोंड नाल्यात. शेजाऱ्याच्या बांधावर सोडली तर रस्ता राहील बाजूला, भाऊबंदकी उभी राहील. हे काम ब्लेडचं नाही. भाड्यानं छोटा पोकलेन किंवा जेसीबी सांगा, चारशे फुटांची चारी काही तासांत होते. एक मात्र मशीनवाल्याला आधीच बजावा : चारीतून निघालेली काळी माती रस्त्यावर टाकायची नाही, बांधावर टाकायची. त्याला सोयीचं रस्त्यावर टाकणंच असतं.

पाणी रस्ता ओलांडतं तिथं सिमेंटचा पाईप पुरा, निदान एक फूट व्यासाचा. त्याहून बारीक पाईप गवत-काड्यांनी पहिल्याच पावसात बुजतो. पाईपावर फूटभर मुरूम हवा, नाहीतर कांद्याची भरली ट्रॉली त्याचा चुरा करते. खोदण्याआधी ठिबकची मेन लाईन कुठून गेलीय ते घरातल्या जुन्या माणसाला विचारा. आमच्या आप्पांनी चिंचेपासून पावलं मोजून जागा दाखवली, ती वीतभरही चुकली नाही.

आता ब्लेड. खड्ड्यात नुसता मुरूम ओतू नका. खड्ड्याचा तळ आणि कडा घट्ट असतात, वरची भर त्यांना धरत नाही, दोन पावसांत पुन्हा वाटी तयार. खड्डा जेवढा खोल, तेवढा तो सगळा पट्टा आधी कल्टिव्हेटरनं फोडून घ्या. मग ब्लेड तिरकं करा : डावं टोक पुढं, उजवं मागं. उजव्या लिंकची (ब्लेड उचलून धरणाऱ्या ट्रॅक्टरमागच्या हाताची) दांडी फिरवून उजवी बाजू थोडी उचला, म्हणजे डावं टोक खाली जाईल. रस्त्याच्या डाव्या कडेनं जायचं आणि परततानाही आपल्या डाव्याच कडेनं यायचं. दोन्ही वेळा माल कडेकडून मध्याकडं सरकतो, सेटिंग बदलायची गरज नाही. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या वर्षी प्रत्येक फेरीला खाली उतरून दांडी फिरवत बसले होते.

चार-पाच फेऱ्यांत रस्त्याला पाठ येते. दहा फुटी रस्त्याला मध्य कडेपेक्षा तीन इंच उंच हवा. गवंड्याची पाण्याची नळी लावून बघा, डोळ्यावर विश्वास नको. गिअर खालचाच ठेवा. घाई केली की ब्लेड उड्या मारतं आणि रस्त्यावर वळ्या उठतात; त्याच वळ्यांवर मार्चमध्ये द्राक्षाचे क्रेट हादरतात, मणी गळतात. विहिरीच्या बाजूची कड ट्रॅक्टरनं करू नका. तिथं टिकाव-फावडंच बरं.

मुरूम सगळ्यात शेवटी. काळ्या मातीवर थेट टाकला तर ती त्याला गिळते, म्हणून नेहमी ओल राहते तिथं आधी दगडांचा थर द्या. मुरमात बारीक खडा हवा आणि त्याला धरून ठेवणारी थोडी तांबडी मातीही हवी. नुसता खडा चाकाखालून सरकतो, नुसत्या मातीचा चिखल होतो. हिशेब सोपा आहे : चारशे फूट लांब, दहा फूट रुंद, सहा इंच जाड म्हणजे दोन हजार घनफूट, म्हणजे वीस ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). दाबल्यावर थर कमी भरतो, हे धरून चाला. मुरूम गौण खनिजात येतो, तेव्हा आणणाऱ्याकडं रॉयल्टीची पावती मागा.

एकदम सहा इंच पसरू नका, तीन-तीन इंचांचे दोन थर द्या. संध्याकाळी पाणी मारा आणि सकाळी मूठ वळून बघा. गोळा झाला पण हाताला पाणी लागलं नाही, की दाबायला घ्या. छोटा रोलर मिळाला तर उत्तम. नाहीतर भरलेली ट्रॉली फिरवा, पण दर फेरीला चाक एक हात सरकवून. एकाच चाकोरीतून फिरवली तर आपणच पाणी साचायला दोन नाल्या तयार करतो.

वर्षातून दोनदा ब्लेड लागतं. उन्हाळी कांदा चाळीत गेला की मेअखेर एकदा, आणि पावसाचा जोर ओसरल्यावर छाटणीच्या आधी दुसऱ्यांदा. ही दुसरी वेळ जास्त चांगली, कारण ओल आयती असते. मेमध्ये निम्मा मुरूम धुळीतच उडतो.

मधल्या काळात चारीचं तोंड तेवढं मोकळं ठेवायचं. आमच्याकडं ते काम आप्पांनी न सांगता घेतलंय. पाऊस उघडला की फावडं खांद्यावर टाकून निघतात आणि परत आल्यावर पाणी कुठं अडलं होतं ते मला सांगतात.