स्कीइंगला जाताय? विम्यातले अपवाद आधी वाचा

स्वित्झर्लंडच्या ट्रिपमध्ये शनिवार-रविवार स्कीइंगचे ठरले. तिथे लागणाऱ्या शेंगेन व्हिसाला (युरोपातल्या बऱ्याच देशांना एकच चालणारा व्हिसा) किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, तो काढला होता. दादरच्या लोकलमध्ये पॉलिसीची पीडीएफ चाळताना अपवादांत ‘हिवाळी खेळ’ दिसले! म्हणजे बर्फात पाय मोडला की खर्च आपला.

एजंटकाकांना फोन केला, जादा प्रीमियम भरून स्कीइंगचं जोडपत्र घेतलं. डोंगरावरून हेलिकॉप्टरने उतरवण्याचा खर्च त्यात आहे, हे ईमेलवर लिहून घेतलं; फोनवरचं ‘हो हो, सगळं कव्हर’ क्लेमच्या वेळी कोण ऐकतंय? आखलेल्या उताराबाहेर गेलात तर मात्र बऱ्याच पॉलिसी हात वर करतात.

सुती बनियन घामाने भिजून गार पडते, म्हणून लोकरीचे थर्मल घेतले. स्की, बूट, हेल्मेट तिथे भाड्याने मिळतात.