कोकणात टायर बिघडल्यावर या चुका टाळा

कोकणात गाडी चालवणाऱ्याच्या टायरला घाटावरच्या गाडीपेक्षा वेगळा त्रास सोसावा लागतो. जांभ्याचे चिरे वाहणाऱ्या ट्रकमधून पडलेले धारदार तुकडे रस्त्याच्या कडेला साठलेले असतात, आंब्याच्या मोसमात लाकडी पेट्यांचे बारीक खिळे बागेच्या वाटेवर आणि पॅकिंगच्या आवारात विखुरलेले असतात, पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाणी त्याच रस्त्यावरून वाहून जाते आणि वर्षभर खारा वारा लोखंडी रिमला हळूहळू खात असतो. त्यात सागरी मार्गावरच्या लहान गावांत रात्री आठनंतर उघडे दुकान सापडणे अवघड असते. टायर बसला की माणूस घाबरतो आणि जे पहिले दुकान दिसेल त्याच्या स्वाधीन गाडी करून मोकळा होतो. या घाईत होणाऱ्या चुका येथे मांडल्या आहेत. त्यांपैकी बऱ्याचशा मी स्वतः केलेल्या आहेत आणि जवळजवळ प्रत्येक वेळी नुकसान झाले ते चाकावर काम चालू असताना मी चाकापाशी उभा नव्हतो म्हणून.

बसलेल्या टायरवर गाडी दामटणे

"पुढे दोन किलोमीटरवर दुकान आहे, हळूहळू जाऊ" हा विचार सर्वांत महाग पडतो. हवा गेलेल्या टायरची बाजूची भिंत रिमच्या कडेखाली चिरडली जाते आणि आतला रबराचा थर घासून त्याची पूड होते. असा टायर उघडला की आत काळी पूड सांडते. ती पूड दिसली की त्या टायरचे पंक्चर काढू नये, कारण त्याची भिंत आतून सैल झालेली असते आणि पुढे भर वेगात तो फुटू शकतो. हवा कमी झाल्याचे लक्षात येताच स्टिअरिंग घट्ट धरावे, ब्रेक जोरात न दाबता वेग उतरू द्यावा आणि सपाट जागा पाहून थांबावे. याला एकच अपवाद आहे. परशुराम, आंबा किंवा कुंभार्ली घाटात वळणावर किंवा उतारावर टायर बसला, तर टायरचा जीव वाचवण्यासाठी तेथेच थांबू नये. चारही इंडिकेटर लावून चालण्याच्या वेगाने शंभर-दोनशे मीटर पुढे जावे आणि रुंद, सपाट जागी गाडी उभी करावी. टायर पुन्हा विकत मिळतो. मागे लावायचा त्रिकोण वळणाच्या अलीकडे ठेवावा, म्हणजे वळण घेऊन येणाऱ्याला तो आधीच दिसतो.

चाक बदलताना जॅकखाली काय आहे, हे पाहायचे राहून जाते. पावसाळ्यात कडेची तांबडी माती भाकरीच्या पिठासारखी मऊ होते आणि जॅकचा तळ तीत रुततो. मी डिकीत फणसाच्या फळीचा हातभर तुकडा कायम ठेवतो आणि जॅक त्यावर बसवतो. हँडब्रेक ओढावा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवावी, तिरक्या बाजूच्या चाकाला पुढून-मागून दगड लावावेत आणि चाक जमिनीवर टेकलेले असतानाच नट अर्धा फेरा सैल करावेत. गाडी उचलल्यावर नटाशी झटापट केली तर गाडी जॅकवरून घसरते. किनाऱ्यालगतच्या गाड्यांचे नट गंजून बसलेले असतात, त्यामुळे वर्षातून एकदा घरच्या घरी चारही चाकांचे नट सोडवून पुन्हा बसवून पाहावेत. भर पावसात रात्री पाना घसरून बोटे फोडून घेण्यापेक्षा ते बरे.

पंक्चरच्या दुकानात

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात चिपळूणच्या पुढे महामार्गालगतच्या एका दुकानात मी टायर दाखवला. टायरमध्ये रुतलेला खिळा मला स्वतःला दिसला होता. दुकानातल्या मुलाने "काका, चहा घ्या तोवर" असे म्हटले आणि मी समोरच्या टपरीवर गेलो. परत आलो तेव्हा तो म्हणाला, "तीन पंक्चर होती, काढली सगळी." प्रत्येकी दीडशे याप्रमाणे साडेचारशे रुपये देऊन मी निघालो. आठवडाभरात त्याच टायरची हवा पुन्हा उतरू लागली, तेव्हा रत्नागिरीतल्या एका वयस्कर पंक्चरवाल्याने चाक उतरवून टायर उलटा केला आणि मला जवळ बोलावले. पहिल्या भोकाच्या कडा फाटलेल्या होत्या आणि आत माती व गंज शिरलेला होता. उरलेली दोन भोके अगदी गोल, स्वच्छ आणि एकाच जाडीची होती. "हे भोक खिळ्याचं नाय, टोच्याचं आहे," तो म्हणाला आणि आपला टोचा त्या भोकात घालून दाखवला. टोचा भोकात घट्ट बसला.

हा प्रकार तेव्हाच करता येतो जेव्हा गिऱ्हाईक चाकापासून दूर असते. ट्यूबलेस टायरवर साबणाचे पाणी मारून बुडबुडे शोधतात, तेव्हा ओल्या टायरवरून हात फिरवता फिरवता टोचा आत घालायला एक क्षण पुरतो. म्हणून पाणी मारण्याआधी चाक स्वतः एकदा फिरवून पाहावे, दिसणाऱ्या खिळ्याचा फोटो काढावा आणि प्रत्येक बुडबुडा आपल्या डोळ्यांसमोर दाखवायला सांगावे. बुडबुडा येतो पण तेथे खिळा, काच किंवा दगड काहीच निघत नाही आणि भोक मात्र ताजे आहे, असे झाले तर पुढचे काम थांबवून स्टेपनी लावावी आणि दुसरे दुकान गाठावे. काम झाल्यावर त्याच जागी पुन्हा पाणी मारून बुडबुडे थांबल्याची खात्री करावी. प्रामाणिक कारागिराला याचा राग येत नाही. रत्नागिरीच्या त्या कारागिराने तर मी काही म्हणायच्या आत स्वतःहूनच पुन्हा पाणी मारून दाखवले.

दुरुस्ती कशी केली जाते, हेही समजून घ्यावे. टायर रिमवरून न उतरवता बाहेरून चिकट रबरी वात भोकात कोंबणे ही झटपट पद्धत आहे. वाटेत अडकलेल्या माणसाला तिचा मोठा उपयोग होतो, पण आतून टायर पाहिलाच जात नसल्यामुळे ती पूर्ण तपासणी नव्हे. घरी पोहोचल्यावर टायर उतरवून आतून मशरूमच्या आकाराचा पॅच लावून घ्यावा, त्याचा देठ भोक भरतो आणि टोपी आतल्या थराला चिकटते. पंक्चर नक्षीच्या मधल्या पट्ट्यात असेल तरच ते काढावे. बाजूच्या भिंतीत किंवा खांद्याजवळ, म्हणजे नक्षी आणि भिंत जेथे मिळतात तेथे, भोक असेल तर कोणी कितीही हमी दिली तरी तो टायर बदलावा, कारण तो भाग प्रत्येक फेऱ्यात वाकतो आणि तेथे पॅच टिकत नाही. "ट्यूबलेसमध्ये ट्यूब टाकून देतो" हा सल्लाही लहान गावांत सर्रास मिळतो. तो नाकारावा. ट्यूब आणि टायर एकमेकांवर घासून तापतात आणि ट्यूबलेसचा मुख्य फायदा, म्हणजे खिळा रुतल्यावरही हवा सावकाश जाणे, नाहीसा होतो, कारण ट्यूब एका क्षणात रिकामी होते.

चाक परत बसवताना हवेच्या बंदुकीने नट एका मागोमाग एक गच्च आवळणे ही दुकानातली नेहमीची सवय आहे. नट आधी हाताने लावून घ्यावेत, मग समोरासमोरच्या क्रमाने टप्प्याटप्प्याने आवळायला सांगावे आणि शेवटचा दाब हातातल्या पान्याने द्यावा. फार आवळलेला नट पुढच्या वेळी रस्त्यात सुटत नाही आणि बोल्टचे आटे जातात, तर सैल राहिलेला नट चाकच सोडतो. पन्नास किलोमीटरनंतर थांबून पाना एकदा पुन्हा लावून पाहावा.

दर आठवड्याला उतरणारी हवा

खिळा नाही, भोक नाही, तरी चार-पाच दिवसांत हवा कमी होते, ही तक्रार किनाऱ्यावरच्या गावांत फार आहे. अशा वेळी काही दुकानदार "टायर जुना झाला, हवा झिरपते" असे सांगून नवा टायर गळ्यात मारतात. प्रत्यक्षात दोष बहुधा रिमच्या कडेत असतो. टायरची कड जेथे लोखंडी रिमवर बसते, तेथे खाऱ्या हवेने गंजाचे पापुद्रे धरतात आणि त्यांच्या फटीतून हवा निसटते. पुळणीवर गाडी नेणाऱ्यांच्या रिमची स्थिती आणखी वाईट असते, आणि समुद्रावरून परतल्यावर गोड्या पाण्याने चाके आतून-बाहेरून न धुणे ही चूक मी आरे-वारेच्या रस्त्यावर कित्येकांना करताना पाहतो.

याची परीक्षा घरी करता येते. भांडी घासायच्या साबणाचे पाणी बाटलीत घालून ते आधी वॉल्व्हच्या तोंडावर, मग वॉल्व्हच्या बुंध्यावर आणि शेवटी रिमच्या पूर्ण कडेने मारावे. तोंडावर बुडबुडा आला तर आतली पिन आवळावी किंवा बदलावी. बुंध्यावर आला तर रबरी वॉल्व्ह बदलावा. हे दोन्ही काम अगदी थोड्या पैशांत होते. कडेवर बुडबुड्यांची रांग आली तर टायर उतरवून रिमची कड तारेच्या ब्रशने साफ करून घ्यावी आणि टायर पुन्हा बसवावा. रिम खोलवर खाल्ली गेली असेल तर रिम बदलावी, टायर नव्हे.

हवेचा दाब

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत कंपनीने दाबाचे आकडे लिहिलेले असतात. टायरच्या भिंतीवर लिहिलेला आकडा हा त्या टायरची कमाल मर्यादा असतो, तो भरायचा नसतो. दाब थंड टायरचा मोजायचा असतो, म्हणजे गाडी तीन तास उभी असेल किंवा जेमतेम दोन किलोमीटर चालली असेल तेव्हा. पनवेलहून निघून दुपारी हातखंब्याला पोहोचलेल्या गाडीचा दाब वाढलेला दिसतोच, कारण तापमान दहा अंश सेल्सियसने चढले की दाब एक-दोन पीएसआयने वाढतो. तो पाहून हवा सोडली तर सकाळी टायर कमी दाबाचे निघतात. गणपतीला पाच माणसे आणि भरलेली डिकी घेऊन जाताना मागच्या चाकांसाठी त्याच चौकटीवर वेगळा, अधिक आकडा असतो, तो पाळावा. दुकानांचे मीटर एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून स्वतःचा साधा मीटर जवळ ठेवावा. नायट्रोजनसाठी जादा पैसे देणे मला आवश्यक वाटत नाही, कारण साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो आणि महिन्यातून दोनदा दाब तपासण्याची जागा तो घेऊ शकत नाही.

नवा टायर आणि अलाइनमेंट

नव्या टायरच्या भिंतीवर चार आकडे एका लंबगोलात असतात. ३५२३ असे असेल तर तो टायर २०२३ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात तयार झाला आहे. गोदामात तीन-चार वर्षे पडून राहिलेला टायर नव्या भावात घेऊ नये. हे आकडे टायर बसवण्याआधी पाहावेत, कारण ते बहुतेक वेळा एकाच बाजूला असतात आणि बसवताना ती बाजू आत जाऊ शकते. बिलावर टायरचे माप, कंपनी आणि हे आकडे लिहून घ्यावेत.

दोनच टायर बदलायचे असतील तर नवे टायर पुढे लावावेत, असा जवळजवळ सर्वांचा समज आहे. आपल्या पावसासाठी तो चुकीचा आहे. साचलेल्या पाण्यावर झिजलेले मागचे टायर तरंगले की गाडीचा मागचा भाग फिरतो आणि सामान्य चालकाला ती सावरता येत नाही, म्हणून नवे टायर मागे लावावेत. नक्षीच्या खोबणीत असलेल्या लहान उंचवट्याला रबर टेकले, म्हणजे खोली १.६ मिलिमीटर उरली, की टायर कायद्यानेही बाद होतो. कोकणातल्या पावसात मी तेथवर थांबत नाही, तीन मिलिमीटरलाच बदलतो.

अलाइनमेंटच्या, म्हणजे चाकांची दिशा आणि कोन जुळवण्याच्या यंत्राच्या पडद्यावर लाल आकडे दाखवून कॅम्बरचे, म्हणजे चाकाच्या आत-बाहेर झुकण्याच्या कोनाचे, वेगळे पैसे मागितले जातात. अनेक लहान गाड्यांत कॅम्बर बदलण्याची कंपनीची सोय नसते, आणि काही ठिकाणी दाब देऊन भाग वाकवून आकडा जुळवला जातो. असे काम करू देऊ नये. कामाआधीचे आणि नंतरचे आकडे छापून मागावेत, आणि कॅम्बर खरोखर बिघडला असेल तर कोणता भाग वाकला आहे, हे दाखवायला सांगावे.

फसवणूक झालीच तर

बिल न घेणे ही येथली सर्वांत मोठी चूक आहे. रोख देऊन, तोंडी हमीवर निघालेल्या माणसाच्या हाती काहीच उरत नाही. छापील बिल नसेल तर दुकानदाराच्या हस्ताक्षरात काम, रक्कम आणि तारीख लिहून घ्यावी, पैसे यूपीआयने द्यावेत आणि काढलेला जुना टायर किंवा वॉल्व्ह परत मागावा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. रत्नागिरी, ओरोस आणि अलिबाग येथे हे आयोग आहेत. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. माझ्या साडेचारशे रुपयांच्या प्रकरणात बिलही नव्हते आणि फोटोही नव्हता, त्यामुळे तक्रारीत लिहायला माझ्याकडे काही नव्हते. तेव्हापासून डिकीत फळी, मीटर आणि साबणाच्या पाण्याच्या बाटलीबरोबर एक कोरे बिलबुकही मी ठेवतो.