दाराची काच फुटली तेव्हा

गाडीच्या मागच्या दाराची काच फुटली आणि सीटभर खडीसाखरेसारखे तुकडे पसरले. ही टफन्ड काच, म्हणजे कडक केलेली, फुटली की असे बारीक तुकडे होणारी. समोरच्या काचेच्या छोट्या तड्यासारखं रेझिन (तडा बुजवणारा चिकट द्रव) भरून भागत नाही, बदलावीच लागते. मी भंगारात निघालेल्या त्याच मॉडेलच्या गाडीची काच घेतली, नव्यापेक्षा बरीच स्वस्त पडली. घेताना उजेडात धरून ओरखडे नक्की बघा.

खरं काम दाराच्या आत होतं. दाराचं आतलं पॅनल काढलं तर तळाशी मूठभर चुरा, काही कण रबराच्या खाचेत रुतलेले. हातमोजे घालून, व्हॅक्यूमने तासभर साफ केलं. हे टाळूच नका, नाहीतर नव्या काचेवर चरे पडतात. पॅनलच्या क्लिपाही जपून काढा, पटकन तुटतात. काच बसवताना तिला धरणारे बोल्ट आधी सैलच ठेवले. काच वर-खाली सरळ सरकल्यावर आवळले.