आधी खण ठरवा: पिजनहोलच्या गणितात या चुका टाळा

पिजनहोलचं तत्त्व एका ओळीचं आहे. खणांपेक्षा कबुतरं जास्त असली, तर एका तरी खणात दोन बसणारच. ओळ लगेच पाठ होते आणि मुलांना वाटतं, विषय संपला. सोलापुरात आठवी-नववीच्या मुलांना ऑलिम्पियाडचं गणित शिकवताना मी वर्षानुवर्षं त्याच चुका तपासतोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे खण न ठरवता तत्त्व लावणं. गेल्या वर्षी सरावाला गणित दिलं: 1 ते 100 मधल्या कुठल्याही 51 संख्या घ्या, त्यांतली एक दुसरीला निःशेष भागते हे सिद्ध करा. वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलीने (1, 2), (3, 4) असे 50 खण पाडले, एका खणात दोन संख्या आल्या आणि 'म्हणून भागते' लिहून मोकळी झाली. मी विचारलं, त्या 57 आणि 58 निघाल्या तर? ती गप्प. '51 दिले म्हणजे खण 50' हा शॉर्टकट तिने व्हिडिओतून उचलला होता. खण किती ते त्यातून कळतं, कोणते ते नाही.

मग फळ्यावर उलटं निघालो. एका खणातल्या कुठल्याही दोघींपैकी एकीने दुसरीला भागलं पाहिजे. म्हणून 1, 2, 4, 8, 16, 32, 64 एका खणात. 3, 6, 12, 24, 48, 96 दुसऱ्यात. संख्येला 2 ने जितक्या वेळा भाग जातो तितक्या वेळा भागा, उरते ती विषम संख्या म्हणजे खणाचं नाव. 57 चा खण 57, 58 चा 29. विषम संख्या 50, म्हणून खणही 50.

माझी सवय सांगतो. वहीच्या डाव्या बाजूला तीन ओळी: कबुतरं कोण, खण कोणते, एका खणात दोघं आले की काय मिळतं. तिसरी ओळ आधी भरायची. घाई असलेली मुलं नेमकी तीच गाळतात.

दुसरी चूक चादरींची. माझ्याकडची बरीच मुलं यंत्रमागवाल्यांच्या घरची, म्हणून हेच उदाहरण देतो. ढिगात चार रंगांच्या भरपूर चादरी, दिवे गेलेत. एका रंगाच्या तीन हमखास मिळायला किती उपसाल? दरवर्षी कुणीतरी 12 लिहितंच. प्रत्येक रंगाच्या दोन-दोन आल्या तर 8 होतात, नववीला तिसरी जुळते. पण हिरवी एकच असेल तर? 2+2+2+1 म्हणजे 7, आठवीलाच काम होतं. सूत्र पाठ करणारा इथे 9 च लिहितो.

शून्याचा खण विसरू नका. हस्तांदोलनाच्या गणितात n माणसांपैकी किमान दोघांच्या हस्तांदोलनांची संख्या सारखी असते, हे सिद्ध करायचं असतं; कुणी किती जणांशी हात मिळवले ती संख्या म्हणजे खण. तिथे 0 (कुणाशीच नाही) आणि n−1 (बाकी सगळ्यांशी) हे दोन्ही खण एकाच वेळी भरत नाहीत, तेही बघा.

कुठल्या खणात दोन, हे तत्त्व सांगत नाही; उगाच एक खण धरून पुढे जाऊ नका.

आणि 'किमान 51' म्हणायचं असेल, तर 50 का पुरत नाहीत तेही दाखवा. 51 ते 100 घ्या: एकही दुसरीला भागत नाही. ही ओळ नसेल तर मी निम्मेच गुण देतो.