टेंटमधला बुटका टोमॅटो: या चुका टाळा

समोर दुसरी इमारत, खोली अंधारी, गॅलरीत ऊन नावालाच. अशा घरात ६० बाय ६० सेंटिमीटरचा टेंट (दिव्याखाली झाडं वाढवायचा झिपवाला बंद तंबू), खरोखरीचे १०० वॅट खाणारा एलईडी आणि मायक्रो ड्वार्फ, म्हणजे अगदी बुटका, टोमॅटो हे गणित छान जमतं. (गॅलरीत रोज पाच तास ऊन येत असेल तर टेंटवर पैसे घालवू नका, कुंडी बाहेर ठेवा.) मायक्रो टॉम, टायनी टिम, रेड रॉबिन, ऑरेंज हॅट या त्यातल्या ओळखीच्या जाती. झाड साधारण वीतभर वाढतं, फार तर दीड वीत. मायक्रो टॉम ही जात फ्लोरिडा विद्यापीठात तयार झाली आणि १९८९ मध्ये बाहेर आली. मूळ हेतू कुंडीत शोभेला ठेवायचा.

या झाडाची एक गोष्ट समजून घेतली नाही तर पुढचं सगळं चुकतं. दिवस लहान की मोठा याच्याशी त्याच्या फुलांना देणंघेणं नाही. ठरावीक पानं आली की प्रत्येक फांदीच्या शेंड्यावर फुलांचा घोस येतो आणि ती फांदी तिथेच थांबते. पेरणीपासून पाच-सहा आठवड्यांत फूल, तीन महिन्यांच्या आसपास पिकलेलं फळ. मांडवावर चढणारा टोमॅटो पहिला महिना आजारी पडला तरी पुढे सावरतो, कारण तो वाढतच राहतो. बुटक्याला ती सवलत नाही. पहिले तीन आठवडे फुकट घालवले की झाड तेवढ्याच उंचीवर फुलून मोकळं होतं आणि वाट्याला पाच-सात फळं येतात.

बियाण्याची निवड

शेतकी दुकानातलं पाकीट टेंटसाठी नाही. अर्का रक्षक ही जात शेतात उत्तम, पण टेंटमध्ये दीड महिन्यात दिव्याला भिडेल. बाजारातल्या चेरी टोमॅटोचं बी काढून पेरणाऱ्यांचंही तेच होतं. पाकिटावर उंची लिहिलेली नसेल तर घेऊ नका.

कागदी कपात रोप अडकवणं

कप खिडकीत सुंदर दिसतात हे मान्य. पण २०० मिलीच्या कपात तिसऱ्या आठवड्यात मुळं गोल फिरायला लागतात. चौथ्यात झाड कळी काढतं आणि मग कुंडी बदलून उपयोग शून्य. थेट शेवटच्या कुंडीतच पेरा: सहा इंची, साधारण दोन लिटरची, तळाला भोकं असलेली. बी अर्धा ते एक सेंटिमीटर खोल, तापमान २४ ते २७ अंश, उगवण आठवडाभरात. मोठ्या कुंडीत इवलं रोप म्हटलं की लोक कुंडीभर पाणी ओततात आणि रोप बुडाशी कुजून आडवं होतं. खोडापासून चार-पाच सेंटिमीटरवर गोल रिंगणात ५० मिली पाणी पुरे. वरचा थर सुकेपर्यंत पुढचं पाणी नाही. उतावळ्यांना इथेच सगळ्यात जास्त त्रास होतो.

दिवा

खोक्यावर छापलेल्या "१००० वॅट"वर जाऊ नका. प्लगमध्ये लावायचं वॅटमीटर घ्या आणि मोजा. पुष्कळदा आकडा शंभराच्या आसपास निघतो. पांढऱ्या एलईडीखाली रोपाला १२ ते १५ हजार लक्स (लक्स म्हणजे उजेडाचं माप) आणि चौथ्या आठवड्यापासून २५ ते ३० हजार लक्स पुरतात. मोबाइलमधलं लक्स ॲप अंदाजापुरतं चालतं. वेळ १६ तास चालू, ८ तास बंद, आणि तीही टायमरवर, आठवणीवर नाही. "उजेड जास्त म्हणजे वाढ जास्त" म्हणून २४ तास दिवा ठेवणारे महिन्याभरात पिवळी, ठिपकेदार पानं घेऊन खत शोधत फिरतात. टोमॅटोला सलग उजेड सोसत नाही, खताचा तिथे संबंधच नाही. वीज म्हणाल तर १०० वॅट गुणिले १६ तास म्हणजे महिन्याला ४८ युनिट, पंखे वेगळे.

फूल येतं, फळ धरत नाही

या तक्रारीचं चित्र ठरलेलं आहे. झाड गच्च, फुलं भरपूर. मग एकेक फूल देठाच्या मधल्या गाठीपाशी पिवळं पडतं आणि बोट लावताच गळतं. मालक लगेच ०:५२:३४ हे खत आणतो. चार दिवसांनी फुलगळीचं टॉनिक. पुढच्या आठवड्यात पानांच्या कडा करपतात, कारण कुंडीत आता क्षार साचलेत. फुलं गळतच असतात. खत कमी नव्हतंच. फूल कोणी हलवलंच नव्हतं.

टोमॅटोचं फूल स्वतःच्याच परागावर फळ धरतं, पण पराग पिवळ्या नळीच्या आत असतो. तो खाली पडायला फूल थरथरावं लागतं. उघड्यावर वारा आणि गुणगुणत फूल हलवणारे भुंगे ते काम करतात. टेंटमध्ये भुंगा येत नाही. पंखा आहे म्हणावं तर बुटक्या झाडाची पानं दाट, देठ आखूड आणि ताठ. वरची पानं हलतात, आतला घोस जागचा हलत नाही.

बॅटरीवरचा टूथब्रश आणा. (त्यासाठी वेगळा घ्या, घरातल्या कोणाचा उचलू नका.) पाकळ्या मागे पूर्ण वळल्या की फूल तयार. दिवा लागल्यावर तीन ते पाच तासांनी ब्रशची पाठ घोसाच्या देठाला दोन-तीन सेकंद टेकवा. फुलाला नाही, देठाला. खाली मोबाइलची काळी स्क्रीन धरली तर बारीक पिवळी धूळ पडलेली दिसते. दिसली की काम झालं. हे दिवसाआड, फुलं येत असेपर्यंत करायचं. फळ धरलं तर आठवड्याभरात पाकळ्या सुकतात, देठ जाड होतो आणि आत हिरवा मणी दिसतो.

धूळच पडली नाही तर हवा तपासा. आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर गेली की परागाच्या गुठळ्या होतात. कोकण-मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये हे हमखास होतं. ५० ते ७० टक्के चांगली. दिवसा ३२ अंशांच्या वर किंवा रात्रही उकाड्याची असेल तर पराग कमजोर निघतो. मग ब्रश कितीही फिरवा. म्हणूनच एप्रिल-मेमध्ये एसी नसलेल्या खोलीत टेंट लावायचा हट्ट करू नये. दिवा चालू असताना आतलं तापमान खोलीपेक्षा तीन-चार अंश सहज वर जातं. पेरणी सप्टेंबरअखेर ते डिसेंबर, यात भांडण नको.

फळाचं बूड काळं पडणं

आरओ फिल्टरचं पाणी, न धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि एकटं १९:१९:१९ खत. हे त्रिकूट शहरी टेंटमध्ये सगळीकडे सापडतं आणि निकालही तोच: गोटीएवढ्या हिरव्या फळाच्या बुडाला पाणचट डाग, तो पुढे काळा आणि चामड्यासारखा होतो. लोक बुरशी समजून बुरशीनाशक मारतात. ही बुरशी नाही. फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचलेलं नाही.

कारणं एकावर एक बसतात. आरओ पाण्यातलं कॅल्शियम काढून टाकतं. १९:१९:१९ मध्ये ते नसतंच. कोकोपीट पोटॅशियम-सोडियम धरून असतं आणि तुम्ही दिलेलं थोडंफार कॅल्शियम आधी स्वतः ओढून घेतं. त्यात कुंडी दोन दिवस कोरडी, मग एकदम चिंब, असं चाललं तर बोलायलाच नको; कॅल्शियम पाण्याबरोबरच चढतं, पाण्याचा ओघ तुटला की तेही तुटतं.

कोकोपीटची वीट आधी साध्या पाण्यात फुगवा आणि निथळणारं पाणी चहाच्या रंगाचं राहणार नाही इतपत धुवा. मग लिटरला २ ग्रॅम कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात रात्रभर भिजत ठेवा, सकाळी निथळून पुन्हा एकदा धुवा. बीजपानांनंतरची दोन खरी पानं फुटेपर्यंत खत नाही. त्यानंतर एक पाणी कॅल्शियम नायट्रेटचं, पुढचं १९:१९:१९ आणि मॅग्नेशियम सल्फेटचं. सुरुवातीला लिटरला अर्धा ग्रॅम, चौथ्या आठवड्यापासून एक ग्रॅम. मॅग्नेशियम सल्फेट त्याच्या निम्मं. आठवड्यातून एकदा चिलेटेड सूक्ष्म अन्नद्रव्यं, पाकिटावरच्या प्रमाणात. खताच्या पाण्याचा पीएच ५.८ ते ६.३. कॅल्शियम नायट्रेट आणि बाकीची खतं एकाच बाटलीत दाट कालवून ठेवू नका, तळाशी पांढरा साका बसतो आणि तो झाडाच्या काही कामाचा नाही. प्रत्येक वेळी थोडं पाणी तळातून निघेल इतकं घाला, आणि बशीत साचलेलं फेकून द्या.

काळं पडलेलं फळ सुधारत नाही. तोडा. अंड्याची टरफलं पुरणाऱ्यांना एवढंच सांगायचं की ती विरघळायला लागतील तेव्हा हे झाड संपलेलं असेल. आरओमधून वाया जाणारं पाणी "फुकट आहे" म्हणून कुंडीत ओतणं ही आरओचं पाणी घालण्याच्या उलट्या टोकाची चूक: त्यात सगळे क्षार दाटून आलेले असतात.

बाकी थोडक्यात

बगलफूट, म्हणजे पानाच्या बगलेतून फुटणारी फांदी, काढू नका. शेंडाही खुडू नका. ते सल्ले उंच वेलींसाठी आहेत. इथे प्रत्येक फांदी म्हणजे एक घोस. फार तर मातीला टेकलेली खालची पानं काढा.

पानं गडद आणि सुरकुतलेली दिसली की व्हायरस म्हणून झाड उपटणारे आहेत. या जातींची पानं मुळातच तशी असतात. व्हायरसमध्ये नवा शेंडा पिवळट होतो, पानं बारीक आणि वर वळलेली येतात. तसं दिसलं तर मात्र झाड पिशवीत बांधून बाहेर.

पानांच्या मागे हिरवे-पांढरे बारीक फोड उठतात, तो रोग नाही. एलईडीखाली, दमट हवेत आणि जास्त पाण्यात टोमॅटो तसं करतो. फवारणी नको, पाणी कमी करा, पंखा वाढवा.

तंबाखू मळलेल्या किंवा सिगारेट धरलेल्या हातांनी झाडाला शिवू नका. साबणाने हात धुवा, मग झिप उघडा.

नर्सरीतून आणलेलं रोप थेट आत ठेवणं म्हणजे पांढऱ्या माशीला आमंत्रण. ते रोप आधी दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा आणि टेंटमध्ये एक पिवळा चिकट सापळा कायम टांगा.

एक्स्टेंशन बोर्ड टेंटच्या जमिनीवर ठेवू नका. वरच्या दांडीला बांधा, आणि वायर बोर्डापेक्षा खाली लोंबून मग वर यावी, म्हणजे ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये जात नाही.

पहिला बहर उतरल्यावर म्हातारं झाड टेंटमध्ये अडवून ठेवण्यात अर्थ नाही. दुसरा बहर येतो, पण तुरळक आणि बारीक. पहिल्या झाडाला हिरवी फळं लागली की शेजारच्या कुंडीत पुढचं बी पेरा.