गांडूळ खताचा डबा बिघडतो कुठे? या चुका टाळा

"गांडुळं आणली आणि आठवड्यात मेली." असं कुणी म्हटलं की मी आधी एकच विचारते, पहिल्या दिवशी कचरा किती घातला? उत्तर बहुधा ठरलेलं: घरात निघाला तेवढा सगळा.

गांडुळाला दात नसतात. जिवाणू आणि बुरशीने साल मऊ केली की मगच ते ती गिळतं. नव्या डब्यात ही तयारी झालेली नसते. मग ढीग साचतो, तापतो, आतली हवा संपते आणि आंबूस वास सुटतो. दोष गांडुळांचा नाही, घाईचा आहे. किलोभर गांडुळं असतील तर सुरुवातीला रोज पाव किलो बारीक चिरलेला कचरा पुरे. आधीचा ओळखू येईनासा झाला की पुढचा घाला. वास आलाच तर वरचा न कुजलेला थर काढा, सुका पाला किंवा पुठ्ठ्याचे तुकडे मिसळा आणि चार-पाच दिवस काहीही घालू नका.

गांडूळ कातडीतून श्वास घेतं, म्हणून ओल हवीच. पण तळाशी पाणी साचलं की ते गुदमरतं. मूठभर माल दाबून बघा. एक-दोन थेंब आले तर ठीक, धार लागली तर पाणी जास्त. डब्याच्या भोकांतून गळणारं काळं पाणी व्हर्मिवॉश (गांडूळ खतातून मिळणारं झाडांचं द्रवखत) समजून कुंड्यांना घालू नका, तो अर्धवट कुजलेल्या कचऱ्याचा निचरा असतो.

बागेतली माती उकरून काढलेली गांडुळं डब्यात टिकत नाहीत, ती मातीत खोल राहणारी असतात. आयसेनिया फेटिडा किंवा युड्रिलस या वरच्या थरात राहून कचरा खाणाऱ्या जातींचीच आणा. ताजं शेण तापतं. पंधरा-वीस दिवस जुनं घ्या. खारट-तेलकट खरकटं आणि लोणचं नको, लिंबाच्या साली अगदी थोड्या. मुंग्या लागल्या तर डबा कोरडा पडलाय असं समजा, पाणी शिंपडा आणि स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. चिलटं झाली तर कचरा खाली पुरा. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात डबा सावलीत हवा, वर ओलं गोणपाट.

खत काढताना सगळा डबा रिकामा करू नका. उजेडात ढीग करा, गांडुळं खाली सरकतात, वरून खत उचला आणि चाळा. चाळणीवर उरलेल्या जाड्याभरड्यात बारीक पिवळसर दाणे दिसतील. ते कोष आहेत, त्यांतून पिल्लं निघतात. ते पुन्हा डब्यातच टाका.